"वारली स्टाईलमध्ये काढ" म्हटलं की एआय जे काढतो त्यात देवी कुठे असते?

गेरू_पुणे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं होतं पण गोष्ट मनाला लागलेली होती म्हणून राहून जात होतं. मी पुण्यात डिझाईनची कामं घेते, पत्रिका, पॅकेजिंग, कॅटलॉग असलं सगळं. मागच्या महिन्यात एक लग्नपत्रिका आली, घरच्यांना वारली हवं होतं आणि दोन दिवसांत प्रिंटला द्यायचं होतं, तर मी एआयला सांगितलं की वारली शैलीत लग्नाचं चित्र काढ, मधे तारपा (भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाच, बाजूला चौक. चार मिनिटांत आठ चित्रं आली. गेरूचा रंग, पांढऱ्या रेषा, दोन त्रिकोण जोडून केलेली माणसं, सगळं जागच्या जागी वाटलं. एक निवडलं, तिकडून ओके आलं, चारशे पत्रिका छापून वाटूनही झाल्या.

डहाणूकडचा एक वारली चित्रकार ओळखीचा आहे, चार वर्षांपूर्वी मी त्याच्याकडून एका कॅटलॉगसाठी चित्रं करून घेतली होती. त्याला सहज पाठवलं, बघ कसं वाटतंय. दोन तास उत्तर नाही. मग फोन आला. चिडला नव्हता, आवाज पडला होता त्याचा. म्हणाला, ताई, चौकात पालघट कुठाय? हितं तर नथ घातलेली नवरी बसवलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वारल्यांच्या घरी लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक काढतात, त्यात मधे पालघट देवी असते, ती नसेल तर लग्न लागत नाही. सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग हे तिच्याबरोबर येतं. चौक काढताना गाणी चालू असतात. म्हणजे तो चौक ही सजावट नाहीच, ते लग्नातलं एक कामच आहे, अक्षता टाकण्यासारखं.

आणि तारप्याचा गोल. माझ्या चित्रात तो कंपासने काढल्यासारखा बंद होता. त्याने मला फोनवर समजावलं की गोल बंद नसतो, शंखासारखा आत वळत जातो, कारण नाचणारे तारपावाल्याच्या मागनं चालतात, तो वळला की तेही वळतात, त्याला कोणी पाठ दाखवत नाही. माझ्या चित्रात निम्मी माणसं त्याच्याकडे पाठ करून नाचत होती, आणि त्याच्या हातात भोपळ्याचा तारपा नव्हता, सनईसारखं सरळ काहीतरी होतं. हे मी चारशे घरांत पाठवलं आणि खाली "वारली" लिहिलं.

चूक माझी आहे, घाई माझी होती. पण त्या दिवसापासून हाच विचार डोक्यात आहे की गोष्ट काढून टाकली आणि नुसती रेष ठेवली, तर ते कोणाचं राहतं? कलाकारांच्या पोटाचा प्रश्न आहेच पण मला त्याच्याही आधीचं काहीतरी खुपतंय. इथे डहाणू, पालघर, जव्हारकडचं कोणी असेल तर प्लीज लिहा.


निवांत_वाचक

धागा काढलात ते बरं झालं. गोल बंद नसतो हे मला आज कळलं, लहानपणापासून वारली चित्रं बघतोय तरी.


डेटावाला

ताई मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून हे का होतं ते सांगतो. ही मॉडेलं चित्र आणि त्याखालचं कॅप्शन अशा कोट्यवधी जोड्यांवर शिकतात. आता "वारली" हे कॅप्शन असलेली चित्रं नेटवर कुठली सापडतात? कपाच्या प्रिंट, कोस्टर, स्टॉकवरच्या व्हेक्टर फाइल, कुर्त्यांचे बॉर्डर, शाळेतले चित्रकलेचे प्रोजेक्ट. डहाणूच्या एखाद्या पाड्यावर लग्नात काढलेल्या चौकाचे फोटो त्यात चिमूटभर असतील, आणि असले तरी खाली कोणी पालघट असं लिहिलेलं नसणार. म्हणजे मशीन वारल्यांकडून वारली शिकलेलंच नाही, ते बाजारातल्या वारलीकडून वारली शिकलंय. नक्कल बघून केलेली नक्कल. मग "लग्न" म्हटलं की त्याला सगळ्यात जास्त दिसलेली नवरी आठवते, नथवाली, ती तो चौकात बसवतो.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. मोठं मॉडेल सोडा, आज कोणीही एखाद्या चित्रकाराची वीस-पंचवीस चित्रं घेऊन साध्या ग्राफिक्स कार्डावर छोटं मॉडेल शिकवून घेऊ शकतो, आणि मग त्या माणसाच्याच हातासारखी चित्रं हजारांनी निघतात. त्याला विचारायची तांत्रिक गरज कुठेच पडत नाही.


सह्याद्रीचा_वाटसरू

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. देवचौक बायका काढायच्या, भिंतीवर, लग्नापुरता, आणि पुढे तो पुसट होऊन जायचा. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, कागद आणि रंग दिले, आणि जिव्या सोमा मशे नावाच्या एका पुरुषाने ते कागदावर आणलं. बायकांचं पुरुषांकडे गेलं, भिंतीवरचं कागदावर गेलं, पाड्यावरचं मुंबईच्या गॅलरीत आणि १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेलं. तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेलच की हे खरं वारली नाही. परंपरा बदलतच असते, मग एआय हा त्यातलाच पुढचा बदल का नाही? टी-शर्टवाल्यांनी तर एआयच्या कितीतरी आधी देवी काढून टाकली होती.


गेरू_पुणे

वाटसरू, राग कशाला, हा प्रश्न मी स्वतःलाच आठवडाभर विचारत होते. तुमची माहिती बरोबर आहे. पण मशेंची गोष्ट नीट बघितली तर उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. ते लहान असताना आई गेली आणि त्या धक्क्याने बोलणं थांबलं, मातीत रेघा ओढून ते आपलं म्हणणं सांगायचे असं म्हणतात. हा माणूस डहाणूजवळच्या गंजाड गावचा, तिथेच शेवटपर्यंत राहिला, २०११ ला पद्मश्री मिळाली तरी आणि २०१८ ला गेला तोपर्यंत. त्याने बदल केला पण तो बदल करून परत त्याच लोकांत जाऊन बसायचा होता ना, त्याच लग्नांना जायचं होतं. कोणी म्हातारी त्याला म्हणू शकत होती की बाबा हे तू चुकीचं काढलंस. मी केलेल्या पत्रिकेला असं म्हणायला कोणी नव्हतं. मीच फोटो पाठवला म्हणून कळलं.

त्यांचं ते मासे धरायच्या जाळ्याचं चित्र मी एकदा प्रत्यक्ष बघितलंय. जाळं हजारो बारीक रेघांचं आहे, आणि जवळ जाऊन बघितलं की कुठेही दोन घरं सारखी नाहीत, कुठे पाणी ओढतंय तिथे ती लांबलीत, कुठे सैल पडलीत. जाळं टाकणाऱ्याच्या खांद्याला कळतं ते त्या रेघेत आलंय. एआयचं जाळं मी मुद्दाम काढून बघितलं, जाळी छान येते, पण ती पाण्यात नाहीये.


वैनगंगेकाठी

नागपूरकडून लिहितेय, आमच्या बाजूला हेच गोंड चित्रांचं चाललंय. प्रधान लोक हे गोंडांचे गाथा गाणारे, बाना वाजवून पिढ्यानपिढ्या कुळांच्या आणि देवांच्या गोष्टी सांगणारे. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढ सिंह श्याम हा त्यातलाच, चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्याला भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं आणि गाण्यातल्या देवांना त्याने पहिल्यांदा कागदावर रूप दिलं. २००१ साली जपानमध्ये तो गेला, चाळिशीच्या आसपास होता.

पण सांगायचं ते पुढचं. गोंड चित्रात आतली जागा भरायला जे ठिपके, रेघा, कोयऱ्या, साखळ्या असतात ना, ते प्रत्येक चित्रकाराचं आपलं असतं. सहीच ती. जाणकार माणूस हरणाच्या पोटावरचं भरण बघून सांगतो की हे अमक्याचं. एआयचं "गोंड आर्ट" मी बघितलं, एकाच मोराच्या पिसाऱ्यात तीन चित्रकारांच्या सह्या होत्या. पाहणाऱ्याला सुंदर वाटतो तो मोर. मला तो बघून पोटात कसंतरी झालं, कोणाच्या तरी चेकवर तिघांच्या सह्या मारल्यासारखं.


डहाणूलोकल

मी वारली आहे, गंजाडच्या बाजूचाच. वाचत होतो, लिहू की नको असं झालं, पण ताईंनी विचारलंय म्हणून लिहितो.

पैशाचं आधी बोलतो कारण ते बोलायला सगळे लाजतात. माझा भाऊ चित्रं काढतो, भातशेती संपली की तेच काम. ए४ च्या एका चित्राला त्याला दीड दिवस लागतो. गेल्या वर्षी एका रिसॉर्टचं भिंतींचं काम ठरलेलं, ऐन वेळी ते म्हणाले आम्ही डिझाईन कम्प्युटरवर काढून घेतलंय, तुम्ही फक्त ते बघून भिंतीवर रंगवा, स्क्वेअर फुटाचा रेट देतो. म्हणजे मशीनने काढलेलं वारली एका वारल्याने बघून उतरवायचं. त्याने ते काम केलं, घरात मुलाच्या फीचे पैसे हवे होते. पण त्यात एका ठिकाणी देवाच्या हातात जे दिलं होतं ते त्याला काढवेना, तेवढी जागा त्याने रिकामी सोडली आणि झाड काढलं. साहेबाने झाड बघून दोनशे रुपये कापले.

दुसरं, गोष्टींचं. आमच्याकडे कणसरीचं गाणं आहे, कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. भगत ते घांगळी या तंतुवाद्यावर लावतो, त्याला वेळ आहे, जागा आहे, ऐकणारे पण बसून ऐकतात. ते कधीही कुठेही लावायचं गाणं नाही. मध्ये एक व्हिडिओ बघितला, एआयने बनवलेला, "आदिवासी लोककथा" म्हणून, त्यात कणसरी डोंगरावरनं उडत येते आणि राक्षसाला मारते. असली गोष्ट आमच्यात मी तरी ऐकलेली नाही. खाली लोकांनी हात जोडलेत, जय आदिवासी लिहिलंय. माझ्या पुतणीने तो बघितला आणि आता तिला तीच कणसरी माहीत आहे. चित्र चोरलं तर भावाचं नुकसान होतं, ते भरून काढता येतं. पुतणीच्या डोक्यातली कणसरी कशी बदलू मी?

आणि रेकॉर्डिंगचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एक टीम पाड्यावर आली होती, आजीकडून गाणी म्हणून घेतली, भिंतीचे फोटो काढले, कागदावर अंगठा घेतला. कागद इंग्लिशमध्ये होता. आजी गेली. ते रेकॉर्डिंग कुठे आहे ते आम्हाला कोणाला माहीत नाही. त्यात आजीचा आवाज आहे, आणि कोणास ठाऊक आज तो कुठल्या मशीनला शिकवायला वापरताहेत.


गेरू_पुणे

दादा, लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. ते झाडाचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.


कोर्टाच्या_पायरीवर

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण लोक लगेच "वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे ना" म्हणतात. आहे, २०१४ साली मिळाला, डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने, म्हणजे आयुशने, मेहनत करून मिळवला, आणि तो फार महत्त्वाचा आहे. पण जीआय कायदा १९९९ चा, तो मालाला आणि नावाला संरक्षण देतो. कोणी बाहेर बनवलेला माल "वारली पेंटिंग" म्हणून विकला तर जाब विचारता येतो. पण कोणी नाव न लावता तसलंच चित्र काढलं तर जीआय फार काही करू शकत नाही.

कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याला एक लेखक लागतो, एक निर्मिती लागते, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. देवचौकाचा लेखक कोण? शेकडो वर्षांच्या सवाशिणी. आणि शैलीवर कॉपीराइट नसतोच, कोणाच्याही. भावाने काढलेल्या एका विशिष्ट चित्रावर त्याचा कॉपीराइट आहे, ते लक्षात ठेवा आणि प्रत्येक चित्राचा तारखेसकट फोटो जपून ठेवा. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत पारंपरिक ज्ञानावर एक करार झाला, त्याची बातमी वाचून अनेकांना वाटलं की प्रश्न सुटला, पण तो पेटंटपुरता आहे, गाणी-चित्रं त्यात येत नाहीत.

कोल्हापुरीचं ताजं उदाहरण आहे. २०१९ पासून जीआय आहे, तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या चपला तशाच आल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा नाही. आरडाओरडा झाला तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय चपलांची आहे. तिथे निदान एक कंपनी होती, जिच्याकडे बोट दाखवता आलं. इथे बोट कोणाकडे दाखवणार? मॉडेल बनवणारा म्हणतो मी फक्त शिकवलं, वापरणारा म्हणतो मी फक्त टाईप केलं.


ऑकलंडची_मावशी

इकडे न्यूझीलंडमध्ये २२ वर्षं झाली. डहाणूलोकल, तुमचं रेकॉर्डिंगचं वाचलं म्हणून लिहितेय, इथल्या माओरींनी, म्हणजे मूळ रहिवाशांनी, यावर जे केलंय ते तुम्हाला कळायलाच हवं.

देशाच्या अगदी उत्तर टोकाला काइताया नावाचं छोटं गाव आहे, तिथे "ते हिकू मीडिया" म्हणून माओरी लोकांचं रेडिओ स्टेशन आहे. त्यांच्याकडे तीस वर्षांच्या मुलाखती पडून होत्या, म्हाताऱ्या माणसांचे आवाज, जुनी बोली. ते सगळं लिहून काढायला माणसं पुरेनात, म्हणून त्यांनी ठरवलं की माओरी ऐकून लिहिणारं एआय आपणच बनवायचं. त्यासाठी आवाज हवेत, तर २०१८ मध्ये आपल्याच लोकांना हाक दिली. दहा दिवसांत अडीच हजार लोकांनी दोन लाखांवर वाक्यं वाचून दिली, तीनशे तासांपेक्षा जास्त! लोकांनी का दिली, तर मागणारे घरचे होते म्हणून. ज्यांच्या आजी-आजोबांना शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खावा लागला होता, त्यांनी आवाज दिला.

मग बाहेरच्या एका कंपनीने तासाला पैसे देतो, डेटा द्या म्हणून विचारलं. यांनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की आमची जमीन आधी अशीच गेली, आता भाषा जाऊन परत आम्हालाच सर्व्हिस म्हणून विकली जाईल. त्यांनी स्वतःचं लायसन्स केलंय, काइतियाकितांगा नावाचं. काइतियाकी म्हणजे राखणदार. मालक नाही, राखणदार. डेटा ज्या लोकांचा आहे त्यांच्या भल्यासाठीच वापरायचा, आणि कोणाला वापरू द्यायचा ते ते ठरवणार. मला हे ऐकल्यावर आपल्या गावराखणाची आठवण झाली, शेत दुसऱ्याचं पण राखण त्याची.


डेटावाला

मावशी, +१. आणि हे बघा, ते एआयच्या विरोधात नाहीत, तेच तर बनवताहेत. फक्त नळाची चावी त्यांच्याकडे आहे.

आपल्याकडे आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आदि वाणी आणलं, भिली, गोंडी, संथाली, मुंडारीसाठी भाषांतराचं अ‍ॅप, आयआयटी दिल्ली आणि बाकीच्या संस्थांनी मिळून केलंय. चांगली गोष्ट आहे, दवाखान्यात, तहसीलमध्ये उपयोग होईल. पण गोष्टी आणि गाणी अशा कामात घातली जातात तेव्हा चावी कोणाकडे, हे आत्ताच विचारून ठेवलं पाहिजे. मॉडेल एकदा शिकलं की त्यातून एक गाणं परत काढून घेता येत नाही, डाळीतनं मीठ काढण्यासारखं आहे ते.


सह्याद्रीचा_वाटसरू

माझं मत थोडं बदललंय हे प्रामाणिकपणे लिहितो. बदल कोण करतंय आणि त्याला विचारणारं कोणी आहे का, हा मुद्दा मी धरला नव्हता. तरी एक शंका राहते, सगळंच कुलुपात ठेवलं तर पुतणीपर्यंत खरी कणसरी पोचणार कशी? ती तर मोबाईलवरच आहे.


डहाणूलोकल

दादा, हीच अडचण आहे, आणि म्हणूनच आम्ही चार-पाच पोरांनी एक सुरुवात केलीय, मोठं काही नाही. आमच्या पाड्यात एक म्हातारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, आहे, लग्नाची सगळी गाणी येतात तिला. परवाच्या रविवारी तिच्याकडे बसलो, मोबाईल आणि एक कॉलरचा माईक. आधी वारलीतच सगळं समजावून सांगितलं की हे कुठे ठेवणार, कोण ऐकणार. ती म्हणाली पोरींनी ऐकलं तर हरकत नाही, बाजारात नको. तेच आम्ही लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं. पुतणीला पण नेली होती सोबत, ती आधी मोबाईलकडेच बघत होती, मग म्हातारीने तिचा हात पिठाच्या वाटीत बुडवला आणि चौकाचा कोपरा काढायला लावला.

गाणं चालू असताना एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, आता ते बंद कर. बंद केलं. पुढचं ती गायली, आम्ही ऐकलं, पुतणीने पण ऐकलं. मग म्हणाली, आता लाव. लावलं.

फाईल एक तास चाळीस मिनिटांची आहे. मधे ती जिथे थांबली तिथे आम्ही काही जोडलं नाही, नुसतं "इथे आजीने बंद करायला सांगितलं" एवढं लिहिलंय. फाईल ठेवायची कुठे ते अजून ठरलेलं नाही, सध्या दोन पेनड्राईव्हवर आहे, एक माझ्याकडे आणि एक तिच्या सुनेकडे, तांदळाच्या डब्यात. डेटावाला सर, बाहेर कुठे न जाता आपल्यापुरतं ठेवायची काही सोय असेल तर सांगा, भाताची लावणी उरकली की पुढचं गाणं घ्यायचंय.


डेटावाला

आहे, आणि फार खर्चाची नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सर मात्र म्हणू नका.


गेरू_पुणे

पत्रिकेचं राहिलं होतं सांगायचं. मी त्या घरी जाऊन चूक सांगितली, पैसे परत केले. मुलीच्या आईने विचारलं की मग खरा चौक कसा असतो? रिसेप्शनला दारात लावायला त्यांना कापडावर चित्र हवं होतंच, तर ते आता डहाणूच्या त्या चित्रकाराकडून आणि त्याच्या आईकडून करून घेतोय. आईने पहिलीच अट घातली, पालघट लग्नाच्या घरातल्या भिंतीवर, तुमच्या दारातल्या कापडावर नाही, तुम्हाला तारपा काढून देते. मी हो म्हटलं.